खेळातली तलवार



शस्त्रांवर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे आपणांस वाटेल. पण आम्ही बोलणार आहोत ते नियमांवर. आणि नियम करून घेण्यात व पाळायला लावण्यात आमचे आयुष्य गेले आहे.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक पंच होतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात, आणि घाव किती बसला ते फासा सांगतो. मूळ नियमांत खंजीर असो की दोन्ही हातांनी पेलायची तलवार, घाव एकाच सहा बाजूंच्या फाशाने मोजत. सोपे खरे, पण मग जड तलवार वाहायची कोणी? १९७५ च्या पुरवणीत शस्त्रागणिक फासे निराळे झाले, शस्त्र आणि चिलखत यांचा ताळा घालणारा तक्ता आला. १९८० च्या 'आर्म्स लॉ'ने तर प्रत्येक शस्त्राला स्वतंत्र तक्ता आणि वीस प्रकारची चिलखते दिली. वास्तव वाढले, आणि एकेका घावासाठी पाने चाळणेही वाढले.

हा पेच जुनाच आहे. प्रशियाच्या सैन्यातील १८२४ च्या युद्धखेळात नियमांचे व तक्त्यांचे ओझे होते. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ यांनी ते उतरवून निवाडा अनुभवी पंचावर सोपविला. खेळ चपळ झाला. पण सत्ता एका माणसाच्या हाती गेली.

आम्हांला विचाराल तर दोन्हीकडे धोका एकच. शंभर कलमांचा करार ज्याला पाठ, त्याचेच राज्य. आणि करारच नसला तर साहेबाची मर्जी. म्हणून फासा टाकण्यापूर्वी आपण काय पणाला लावतो आहोत, हे टेबलावरच्या सर्वांत नवख्या गड्यालाही कळले पाहिजे. ही आमची कसोटी.

मग वास्तव सोडायचे काय? मुळीच नाही. अरुंद भुयारात लांब भाला वळत नाही, भिजलेल्या दोरीचे धनुष्य नीट चालत नाही, नागवी तलवार घेऊन बाजारात शिरणाऱ्याला पहारेकरी अडवतो. याला तक्ता लागत नाही. घावाचा आकडा ढोबळ चालेल. घावाचा परिणाम खोटा नसावा. जखमी सोबत्याला खांद्यावर घेऊन परत यावे लागले, म्हणजे तलवारीचे खरे वजन मुलांना कळते. तेवढे कळले तर खेळ सार्थकी लागला, असे आम्ही म्हणू.