अंगाची खाज आणि बांधावरचं गाजरगवत

पाऊस सुरू झाला की पिकांवरच्या रोगांबरोबर आणखी एक तक्रार माझ्याकडे येते. "साहेब, अंगाला खाज सुटते. मलम लावलं की कमी होते, शेतात गेलं की पुन्हा उठते." मी आधी एकच विचारतो, "तुमच्या बांधावर गाजरगवत आहे का?"

गाजरगवत म्हणजे आपलं काँग्रेस गवत, कुणी चटकचांदणीही म्हणतं. पान गाजरासारखं, फूल बारीक, पांढरं. मूळचं ते अमेरिका खंडातलं. आपल्याकडे १९५५ साली पुण्यात ते नजरेस आलं आणि तिथून देशभर पसरलं. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. वाळलेल्या पानांचा भुगा वाऱ्याबरोबर अंगावर येतो. वर्षानुवर्षे काही होत नाही, पण एकदा का शरीर बिथरलं, की मग थोडासा स्पर्शही पुरतो.

ही खाज ओळखायची कशी? ती बहुधा उघड्या अंगावर येते. पापण्या, चेहरा, मान, कोपराची घडी, गुडघ्यामागची घडी. सदऱ्याखालचं अंग सुरुवातीला बरं असतं. पुढे कातडी जाड, काळपट होते, भेगा पडतात. गजकर्णाचा चट्टा गोल असतो, कडा उठलेली आणि मधली जागा बरी दिसते. खरूज बोटांच्या बेचक्यांत होते, रात्री जास्त खाजते आणि घरातल्या इतरांनाही लागते. गाजरगवताची खाज मात्र एकाची दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा अशा माणसाचं ताट-अंथरूण वेगळं करू नका.

इथं माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका गावात आम्ही श्रमदानानं गाजरगवत काढलं. सगळ्यांनी उघड्या हातांनी उपटलं, मीही उपटलं. त्यातल्या एका वयस्कर काकांच्या मानेला आणि डोळ्यांभोवती खाज उठली. त्यांनी दुकानातून गजकर्णाचं मलम आणून वर्षभर लावलं. अशा बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. त्यानं तात्पुरता आराम पडतो, पण कातडी पातळ होते. काकांचंही तेच झालं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी खरं कारण सांगितलं. त्या दिवसापासून हातमोज्यांशिवाय मी कुणालाही हे गवत उपटू देत नाही.

आता काय करायचं, ते ध्यानात ठेवा.

१. गवत फुलावर येण्याआधी, जमिनीत ओल असताना, मुळासकट उपटा. एकेका झाडाला हजारो बिया धरतात.

२. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, नाका-तोंडाला फडकं बांधा. खुरपणीला येणाऱ्या बायांनाही हातमोजे द्या. काम झालं की साबणानं अंघोळ करा, कपडे वेगळे धुवा.

३. ज्याला खाज आहे किंवा दम्याचा त्रास आहे, त्यानं या कामाला जाऊच नये.

४. फुलापूर्वीचं गवत खड्ड्यात कुजवून खत करा. फुलावर आलेलं खतात टाकू नका, बी शेतात परत येतं.

५. पडीक जागेत पावसाच्या तोंडावर टाकळ्याचं बी फेका. टाकळा दाट वाढला की गाजरगवताला वाढू देत नाही.

६. पावसाळ्यात या गवतावर पांढुरके, काळ्या रेषांचे छोटे भुंगे दिसले तर मारू नका. १९८३ साली हे मेक्सिकन भुंगे मुद्दाम आपल्या देशात आणले, ते गाजरगवताची पानं फस्त करतात.

आणि खाज पंधरा दिवसांत हटली नाही, किंवा दर हंगामात उलटत असेल, तर हयगय न करता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आपण शेतकरी आहोत, बांधावर काय उगवतं तेही त्यांना सांगा. औषध डॉक्टर देतील, पण खाजेचं मूळ आपल्या बांधावर आहे. एकट्यानं उपटून भागणार नाही, शेजारच्याचं बी वाऱ्यानं आपल्याकडे येतं. तेव्हा सगळ्या शिवारानं मिळून ते काढू या.