ताऱ्यातलं चुंबक कसं ओळखतात?
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेले भाषण)



दुकानातला साधा कॅल्क्युलेटर घ्या आणि पोलराइज्ड गॉगलची काच त्याच्यासमोर हळूहळू फिरवा. एका ठिकाणी आकडे दिसेनासे होतात, कारण त्या पडद्याचा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो. हा ध्रुवित प्रकाश. जळगावच्या उन्हात गॉगल सगळेच घालतात, हा खेळ मात्र कुणी करत नाही!

ताऱ्यावर होकायंत्र नेता येत नाही. आपल्याकडे येतो फक्त त्याचा प्रकाश. त्याचा वर्णपट काढला की बारीक काळ्या रेषा दिसतात. चुंबकत्व असेल तर त्या रेषा फुटतात. हेल यांनी 1908 मध्ये सूर्यावरच्या डागांत हे दाखवलं. तिथलं चुंबकत्व पृथ्वीच्या हजारो पट निघालं. दूरच्या ताऱ्यांत ही फूट इतकी बारीक, की रेषा एकच वाटते. पण गंमत अशी, की फुटलेल्या भागांचा प्रकाश उजव्या-डाव्या अशा उलट गिरक्या घेत येतो. दोन्ही वेगळे करून शेजारी ठेवले, की रेषा किंचित सरकलेली दिसते. जितकी सरकली, तितकं चुंबक जोरदार. बॅबकॉक यांनी 1947 मध्ये कन्या राशीतला एक अंधुक तारा असाच पकडला.

उपयोग काय, असं काका लोक विचारतीलच. सूर्यावरचे स्फोट या चुंबकत्वातूनच होतात. मार्च 1989 मध्ये सौरवादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास गेली. (आपल्याकडे वीज जायला सूर्य लागत नाही, तो भाग वेगळा.)

मुलांनो, पुणे लांब नाही. तिथल्या आयुकाने ताऱ्यांचा ध्रुवित प्रकाश मोजणारी उपकरणं स्वतः बांधली आहेत, आणि त्यांची दोन मीटरची दुर्बीण गिरवलीला आहे.