'आपला माणूस' निवडून आला, पुढे काय?

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या वस्त्यांमध्ये निवडणूक आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आपला माणूस निवडून आला की आपले प्रश्न सुटतील." हे कितपत खरं आहे? तपासायचं तर जिथे 'आपला माणूस' खरोखर निवडून आला, अशी जागा बघायला हवी. म्हणून आज मी लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्स या बरोबद्दल बोलणार आहे. बरो म्हणजे आपल्या महापालिकेसारखं शहरातलं स्थानिक शासन. लंडनमध्ये असे ३२ बरो आहेत.

आधी नकाशा. लंडनच्या जुन्या किल्ल्यापासून, म्हणजे टॉवरपासून, पूर्वेकडे थेम्सच्या उत्तर काठावर हा भाग पसरला आहे. पूर्वेला ली नदी. दक्षिणेला थेम्स मोठं वळण घेते, त्या वळणात 'आयल ऑफ डॉग्स' आहे. क्षेत्रफळ जेमतेम २० चौरस किलोमीटर, आणि २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या ३ लाख १० हजार. इंग्लंडमध्ये सर्वांत दाट वस्ती इथेच. सुमारे ४० टक्के लोक मुस्लिम, आणि त्यांत बहुसंख्य बांगलादेशी, मुख्यतः सिल्हेटकडचे. जिथे गोदी होती तिथे आज कॅनरी वॉर्फचे बँकांचे मनोरे आहेत, आणि त्यांच्या सावलीत कौन्सिलच्या भाड्याच्या घरांत राहणारी गरीब कुटुंबं.

या गोदीशी आपलंही नातं आहे. ईस्ट इंडिया डॉक १८०६ मध्ये सुरू झाली. ब्रिटिश जहाजांवर जे हिंदुस्थानी खलाशी असत, त्यांत सिल्हेटचे होते तसे आपल्या कोकणातले मुस्लिमही होते. अशा आशियाई खलाशांसाठी १८५७ मध्ये लाइमहाउसला निवारागृह उघडावं लागलं.

ब्रिक लेनवर एक इमारत आहे. १७४३ मध्ये फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या प्रोटेस्टंटांनी ती प्रार्थनेसाठी बांधली. पुढे ती मेथडिस्टांकडे गेली, १८९८ मध्ये ज्यूंचं सिनेगॉग झाली, आणि १९७६ पासून ती मशीद आहे. चार जमातींची पाळी आली, इमारत तीच राहिली. शहर कोणा एकाच्या मालकीचं नसतं, हे त्या भिंती सांगतात.

आता कारभार. १९६५ मध्ये स्टेपनी, पॉप्लर आणि बेथनल ग्रीन हे तीन जुने बरो एकत्र करून टॉवर हॅम्लेट्स झालं. आज २० प्रभागांतून ४५ नगरसेवक निवडून येतात. घरं, शाळा, वाचनालयं, कचरा, वृद्धांची काळजी, बांधकाम परवानगी ही बरोची कामं. बस, मेट्रो आणि पोलीस लंडनच्या महापौरांच्या अखत्यारीत. आपल्याकडे महापौराचा मान मोठा, पण खरा अधिकार आयुक्तांकडे. टॉवर हॅम्लेट्समध्ये २०१० पासून महापौर थेट लोक निवडतात आणि अंदाजपत्रकापासून मंत्रिमंडळापर्यंत सूत्रं त्यांच्याच हाती असतात. २०२१ मध्ये लोकांनी सार्वमतात हीच पद्धत पुन्हा पसंत केली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. राष्ट्रकुल देशांतून कायदेशीर मार्गाने येऊन ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला नागरिकत्व मिळण्याआधीच मतदान करता येतं. म्हणजे सिल्हेटहून आलेल्या शिलाई कामगाराकडे मत होतं. पण सुरक्षितता नव्हती. ४ मे १९७८ रोजी, स्थानिक निवडणुकीच्याच दिवशी, अल्ताब अली या तरुण कपडा-कामगाराचा वर्णद्वेषातून खून झाला. हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून चालत गेले. आज तिथल्या बागेला त्याचं नाव आहे. त्या मोर्चातून एक पिढी रस्त्यावर आली, आणि रस्त्यावरून नगरपालिकेत गेली.

१९९३ मध्ये आयल ऑफ डॉग्सच्या पोटनिवडणुकीत उघड वर्णद्वेषी पक्षाचा उमेदवार निवडून आला. किती मतांनी? फक्त ७. आठ महिन्यांनी, मे १९९४ मध्ये, मतदान मोठ्या प्रमाणावर वाढलं आणि तो हरला. "माझ्या एका मताने काय होणार?" असं विचारणाऱ्याला हा आकडा सांगा.

आता अवघड भाग. २०१० मध्ये लुत्फुर रहमान अपक्ष म्हणून निवडून आले, टॉवर हॅम्लेट्सचे पहिले थेट निवडलेले महापौर. २०१४ मध्ये ते पुन्हा जिंकले. चार मतदारांनी निकालाला आव्हान दिलं आणि एप्रिल २०१५ मध्ये निवडणूक न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. बोगस मतदान, अनुदानातून मतं मिळवणं असे ठपके ठेवले आणि त्यांना पाच वर्षं निवडणूक लढवायला बंदी केली. आणखी एक ठपका होता धार्मिक दबावाचा. मतदानाआधी १०१ इमाम आणि धर्मपंडितांच्या सह्यांचं पत्र त्यांच्या समर्थनार्थ छापून आलं होतं. न्यायालयाच्या या मुद्द्यावर टीकाही झाली. मुस्लिम मतदाराला स्वतःची अक्कल नाही असं गृहीत धरलं, असं अनेकांना वाटलं. रहमान यांनी आरोप नाकारले आणि त्यांच्यावर फौजदारी खटला झाला नाही. बंदी संपल्यावर २०२२ मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. २०२५च्या सुरुवातीला मात्र केंद्र सरकारने कौन्सिलच्या कारभारावर देखरेखीसाठी दूत पाठवले.

कोण बरोबर, हे मी सांगणार नाही. प्रश्न आपला आहे. मतदाराला अक्कल नाही हे न्यायाधीशांनी गृहीत धरलं म्हणून आपल्याला राग येतो, तोच राग १०१ सह्यांचं पत्र बघूनही यायला हवा. इमामसाहेबांना नागरिक म्हणून मत आहेच. पण मिंबरचं वजन मतपेटीवर ठेवलं, की त्याच न्यायाने मठाचं आणि मंदिराचंही ठेवता येतं. मग अल्पसंख्याकाचं काय होईल, हे सांगायला नको. आपल्या १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही दैवी कोपाची भीती घालून मत मागणं हा भ्रष्टाचार मानला आहे.

याच महापौरांच्या कारकिर्दीत २०२३ पासून प्राथमिकबरोबर माध्यमिक शाळेतल्या मुलांनाही मोफत जेवण मिळू लागलं. फक्त बांगलादेशी मुलांना नाही, सर्वांना. 'आपल्या माणसा'चं सर्वांत चांगलं काम कोणतं, तर ज्यात आपला-परका राहिला नाही ते.

म्हणून माझं उत्तर असं. आपला माणूस जरूर निवडून जावा, कारण आपण शहराचे भागीदार आहोत. पण निवडून दिल्यावर हिशेब मागणारे आपणच पहिले असलो पाहिजे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिथे एकही नगरसेवक नव्हता. गटार तुंबलं तर विचारायचं कोणाला? त्या काळात आपण किती वेळा रस्त्यावर उतरलो?

घरी गेल्यावर दोन कामं करा. आपल्या प्रभागाची हद्द नकाशावर स्वतःच्या हाताने काढा. आणि पालिकेच्या यंदाच्या अंदाजपत्रकात आपल्या प्रभागातल्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी किती रुपये आहेत ते शोधा. आकडा सापडला, की नगरसेवकाकडे जा. तो 'आपला' असेल, तर आधी त्याच्याकडे जा.