दारिद्र्याची नावं
(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात केलेलं भाषण)

दिंडीचा इतिहास सांगणारे माझ्यापेक्षा जाणते इथं बसलेत, तो त्यांनी सांगावा. मी चौथी शिकलेला शेतकरी. आपण गरिबीला काय काय नावं ठेवलीत, एवढ्यावरच मी चार शब्द बोलणार आहे. कीर्तनात दीन, रंक, अनाथ हे शब्द आपण रोज घेतो. पैशासारखे घासून कधी बघत नाही.

आधी आपल्या घरातला शब्द घ्या. अठराविश्वे दारिद्र्य. विश्वा म्हणजे विसावा हिस्सा. विसातले अठरा हिस्से दारिद्र्य, असा एक अर्थ. दुसरे जाणते म्हणतात, मूळ शब्द अठराविसे. अठरा विसे तीनशे साठ, म्हणजे वर्षाचे सगळे दिवस. कुठलाही घ्या, हिशेब करणारा माणूस कोरडवाहू शेतकरी असणार, एवढं मला पटतं. बाईमाणसाच्या गरिबीला निराळं नाव आहे, लंकेची पार्वती. सोन्याची लंका शंकरानं रावणाला देऊन टाकली आणि पार्वतीच्या अंगावर फुटका मणी राहिला नाही, अशी कथा आहे. दान देणारा देव झाला आणि नाव पडलं तिला! आयाबहिणी हसताहेत, त्यांना कळलं.

आता सरकारी शब्द. दारिद्र्यरेषेखाली. पिवळं कार्ड, केशरी कार्ड, अंत्योदय. अंत्योदय शब्द चांगला आहे, शेवटच्या माणसाचा उदय. पण रेशनच्या रांगेत "तू पिवळा का केशरी?" असं विचारतात तेव्हा माणसाला रंग येतो आणि नाव जातं.

१९७२ च्या दुष्काळात मी जाणता पोरगा होतो. आई खडी फोडायला जायची, मी पाट्या टाकायचो. कामावर सुकडी मिळायची. रेशनला मिलो यायचा, ती परदेशातली लाल ज्वारी. त्याची भाकरी थापताना चिरायची. आईच्या अंगावर दंड घातलेलं लुगडं, दोन फाटक्या लुगड्यांचं एक केलेलं. एवढं असून आमच्या घरात गरिबी हा शब्द कुणी काढला नाही. आई म्हणायची, "औंदा जरा ओढ हाय." बघा, पावसानं दिली तीही ओढ, घरात पडली तीही ओढ आणि पंढरीची लागते तीही ओढच. ज्याच्यावर बेतलेलं असतं त्याचा शब्द लहान असतो. मोठे शब्द बघणाऱ्याचे.

आळंदीला एका शास्त्रीबुवांना मी विचारलं होतं, दरिद्र म्हणजे काय हो? ते म्हणाले, संस्कृतात 'द्रा' म्हणजे धावणं. पोटामागं सारखा धावतो, एका जागी ठरत नाही, तो दरिद्र. पुढं बारामतीच्या बाजारात एका मौलवीसाहेबांची गाठ पडली. त्यांना म्हटलं, गरीब शब्द तुमच्याकडचा ना? ते म्हणाले, "अरबीत गरीब म्हणजे परका. घरापासून लांब पडलेला." मी तिथंच पोत्यावर बसलो. संस्कृत कुठं, अरबी कुठं, एकमेकींचं तोंड न बघितलेल्या भाषा. दोघींनी पैसा मोजलाच नाही. दोघींनी एवढंच बघितलं, की ह्या माणसाला घर सोडावं लागलंय. आपल्या मराठीतही देशोधडीला लागणं आहेच की.

लाचार शब्दाचंही सांगतो. ला म्हणजे नाही आणि चारा म्हणजे उपाय. 'दुसरा चारा नाही' म्हणतो तो हा फारशी चारा. आपल्या माणसाला तो कडब्याचाच वाटतो, आणि तसा वाटला तरी बिघडत नाही. दावणीचा चारा संपला की बैल बाजारात जातो, आणि बैल गेला की शेतकऱ्याचा उपाय संपला. कानडी वारकरी वाटेत भेटतात, त्यांच्यात गरिबाला 'बडव' म्हणतात. आता पंढरपुरात बडवे म्हणजे कोण ते तुम्हाला माहीत आहे. यावर मी जास्त बोलत नाही!

नातवाच्या सरांनी इंग्रजीचं सांगितलं. पुअर शब्द जुन्या लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ थोडं पिकवणारा. हा शब्द मात्र मला खटकतो. का, ते सांगतो.

१८७६ सालच्या मोठ्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला. कालव्याखालची आपली गावं बागायत झाली, सुपे-मोरगावकडची जिरायतच राहिली. बागायतीत ऊस आला, कारखाने आले. दसरा झाला की बीडकडून, पाथर्डीकडून तोडणीच्या टोळ्या येतात. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पोरं, शेरडं, कोंबड्या. रानाच्या कडेला पाचटाच्या कोप्या पडतात. पहाटे कडाक्याच्या थंडीत फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. ही माणसं थोडं पिकवणारी होय? आणि त्यांचं नाव काय? कोयता. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा असला तर अर्धा कोयता. मुकादम म्हणतो, "औंदा दहा कोयते आणलेत." आपणही विचारतो, "तुमच्या फडात किती कोयते?" त्यांनी आगाऊ घेतलेल्या पैशाचं नाव उचल. ती फिटली नाही तर पुढच्या साली परत यायचंच. म्हणजे शास्त्रीबुवांचा अर्थ झाला, धावत राहणारा. मौलवीसाहेबांचाही झाला, घरापासून लांब पडलेला.

कुणी म्हणेल, बुवा, संतांनी तर दारिद्र्याचं कौतुक केलंय. ही गल्लत करू नका. अकिंचन म्हणून एक शब्द आहे, काही म्हणजे काहीच जवळ न ठेवणारा. ते संतांनी हातानं पत्करलेलं. १६३० च्या सुमारच्या दुष्काळात तुकोबारायांचं दिवाळं निघालं, थोरली बायको अन्नावाचून गेली, ते पत्करलेलं नव्हतं, कोसळलेलं होतं. मग महाराजांनी काय केलं? घराण्यात सावकारी होती. भावाचा हिस्सा बाजूला काढला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. कुळांना जमवून गरिबीत सुख माना असं सांगत बसले नाहीत. आधी कागद बुडवला.

आता आपलं बघा. आषाढीला आपणही घर सोडतो. उघड्यावर निजतो, दुसऱ्याच्या दारात जेवतो, गाव ओळखीचं नसतं. उंडवडीपासून सराटीपर्यंत आपल्याच दोन तालुक्यांतली माणसं वाटेवर उभी असतात. काटेवाडीला पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. कुणी पिठलं-भाकरी घेऊन, कुणी पाय चेपायला तेल घेऊन. आपल्याला विचारत नाहीत कुठला, कोण. म्हणतात, "माउली, घ्या." अरबी अर्थानं बघितलं तर त्या वाटेवर आपण सगळे गरीबच की. आणि चार महिन्यांनी त्याच रस्त्यानं दुसरी माणसं घर सोडून येतात, त्यांना आपण कोयता म्हणतो. गळ्यात माळ असलेली माणसं त्या कोप्यांतही आहेत, मी बघितलीत. त्यांची आषाढी कधी घडते, कधी उचलीत अडकते.

सप्ताहाच्या काल्याला त्या बाया पातेलं घेऊन मांडवाच्या कडेला उभ्या राहतात. पंगती उठल्यावर आपण उरलेलं वाढतो. वाढतो ते चांगलंच, पण उरलेलं. यंदा कोप्यावरची मंडळी पहिल्या पंगतीला बसवायची, असा विषय मी बैठकीत काढला. दोघंतिघं लगेच हो म्हणाले. एकानं अडचण सांगितली, अन्न पुरायचं नाही. त्याचं खरं आहे, माणसं वाढणार. म्हणून काल्याच्या आधल्या रात्री दोघांनी कोप्यावर जाऊन आमंत्रण द्यायचं, नावं विचारून लिहून आणायची, म्हणजे आकडा कळेल. कोयते मोजून आणू नका, पोरं धरून माणसं मोजा.

गव्हाचं एक पोतं माझं. गूळही मी देतो. डाळीचं आणि आचाऱ्याचं कोण बघतंय ते आज उठायच्या आधी सांगा.

रामकृष्ण हरी.