राखीव जागेवरचा आपला माणूस

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या अभ्यासशिबिरातलं भाषण)



2024 च्या विधानसभेला माझे एक मामा उभे होते. सख्खे नाहीत, आईच्या गावचे. आधी सरपंच, मग पंचायत समितीचे सदस्य. मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव. मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते, म्हणून भाषणं लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच भाषणात मी शेजारच्या गावातल्या अत्याचाराच्या प्रकरणावर एक वाक्य लिहिलं. मामा म्हणाले, "पोरी, हे काढ. आपली मतं आहेतच. तेवढ्यावर कोण निवडून येतं?"

मी ते काढलं. त्याची बोच अजून आहे.

मामा भित्रे नाहीत. त्याच प्रकरणात ते रात्रभर पोलीस ठाण्यात बसले, तेव्हा गुन्हा नोंदला गेला. मग उमेदवार झाल्यावर काय बदललं? मतांचा हिशोब. राखीव जागेवर उमेदवार आपल्यातला असतो, मतदार मात्र सगळे असतात आणि त्यांत आपण बहुधा अल्पसंख्य असतो.

हा हिशोब 1932 चा आहे. स्वतंत्र मतदारसंघात आपले प्रतिनिधी फक्त आपल्या मतांवर निवडून आले असते. गांधीजींचं उपोषण चालू असताना 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या जागा 71 वरून 148 झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले. आधी आपण चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतून सगळ्यांनी एक, ही सोयही जास्तीत जास्त दहा वर्षांची होती. 1952 ला खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर हरले.

आज महाराष्ट्रात 288 पैकी 29 जागा अनुसूचित जातींसाठी आहेत. तिथे "उमेदवार आपला आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. निवडून आल्यावर त्याला आपल्यासमोर उत्तर द्यायला कसं लावायचं, हे ठरवावं लागतं.

एक रस्ता कायद्यातच आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या 1995 च्या नियमांनुसार जिल्ह्यात दक्षता समिती असते. आमदार तिचे सदस्य असतात. तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हायलाच हवी. बैठका कधी झाल्या, आमदार हजर होते का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. आपल्या आईबापांना असा अर्ज लिहिता आला नाही. आपल्याला येतो.

मामा निवडून आले. गेल्या महिन्यात मी त्यांना निवेदन दिलं, 'ते प्रकरण समितीच्या बैठकीत घ्या.' त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "तुझ्या एकटीच्या सहीवर मी काय बोलू? वस्तीच्या दोनशे सह्या आण. मग मलाही बोलता येईल."

हे मी त्यांना विचारूनच सांगतेय. आतापर्यंत एकोणसाठ सह्या झाल्यात. रविवारी माझ्यासोबत कोण येतंय?

जय भीम.