अभ्यासक्रम कोण ठरवतो? होशंगाबादचा अनुभव



अभ्यासक्रम म्हणजे पाठ्यपुस्तकांची यादी, अशी समजूत शिक्षणखात्यापासून पालकांपर्यंत सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः पाठ्यपुस्तक हा अभ्यासक्रमाचा केवळ एक दृश्य भाग होय. मुलाने काय शिकावे, कशासाठी शिकावे, कोणत्या पद्धतीने शिकावे आणि ते शिकले की नाही हे कोणत्या कसोटीवर पाहावे, या चार प्रश्नांची परस्परांशी सुसंगत उत्तरे मिळून अभ्यासक्रम तयार होतो. ही उत्तरे देण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यामागचा पाचवा आणि निर्णायक प्रश्न आहे.

उद्दिष्टांच्या बाबतीत देशात उणीव कधीच नव्हती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वांना आवश्यक मानले व कार्यानुभवाचा आग्रह धरला. १९७५ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने दहा वर्षांच्या शालेय शिक्षणाचा आराखडा प्रसिद्ध केला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत नेला. आराखडे होत गेले. पण खेड्यातील शाळेत प्रयोग फळ्यावर लिहिला जाई आणि मुले निरीक्षणे व निष्कर्ष पाठ करीत. याचे कारण उघड होते. शाळेत साहित्य नव्हते, शिक्षकाला प्रशिक्षण नव्हते आणि परीक्षा पाठांतराचीच होती.

ही साखळी तोडण्याचा एक गंभीर प्रयत्न मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात झाला. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी राज्य शासनाच्या अनुमतीने १६ माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीसाठी विज्ञानशिक्षणाचा नवा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ व दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली.

या कार्यक्रमाचे मर्म त्याच्या समग्रतेत होते. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात तयार उत्तरे नसत. प्रयोग आणि प्रश्न असत. मुले चार-चार जणांच्या गटात स्वतः प्रयोग करीत, शेतात व ओढ्याकाठी परिभ्रमणास जात. साहित्य स्वस्त आणि सहज मिळणारे असे. शिक्षकांची प्रशिक्षण शिबिरे भरत, मासिक बैठकांत वर्गातील अडचणी मांडल्या जात आणि त्या अनुभवाच्या आधारे पुस्तकाचे प्रकरण पुन्हा लिहिले जाई. परीक्षाही बदलली. मुलांना पुस्तक व वही सोबत नेण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी घेतली जाई. पुस्तक उघडे असताना पाठांतराला किंमत उरत नाही. विचार करावाच लागतो.

अर्थात अडचणी पुष्कळ होत्या. प्रयोगसाहित्य वेळेवर भरले जाणे आणि शिक्षकांना शिबिरासाठी मोकळे करणे, ही कामे शासकीय यंत्रणेच्या सहकार्यावर अवलंबून होती. नववीत गेलेल्या मुलापुढे पुन्हा जुनेच पुस्तक व जुनीच परीक्षा उभी राही. पालकांची चिंता त्यामुळे निराधार म्हणता येत नाही. मात्र तिचे उत्तर नववी-दहावी सुधारणे हे होते, सहावी-आठवी मागे नेणे हे नव्हे.

जुलै २००२ मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला आणि त्या शाळांत राज्याची सर्वसाधारण पाठ्यपुस्तके पुन्हा लागू केली. शिक्षक व शास्त्रज्ञांनी विरोध केला, तो निष्फळ ठरला. तीस वर्षे शिक्षकांनी वर्गात उभे केलेले काम वरच्या एका निर्णयाने थांबू शकले, कारण अभ्यासक्रम बनवण्यात शिक्षकाला स्थान मिळाले, तरी तो टिकवण्याच्या निर्णयात त्याला अधिकार मिळाला नव्हता.

या अनुभवाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. पुस्तक बदलून परीक्षा तीच ठेवली, तर शिकवणे परीक्षेमागे जाते. परीक्षा बदलून शिक्षकाला एकटे सोडले, तर ती कागदावर राहते. हे सर्व बदलूनही निर्णयाचा अधिकार वरच राहिला, तर एका आदेशात सारे पुसले जाते. २००५ आणि २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्यांतही कृतीतून शिकण्याचा पुरस्कार आहे. त्यातील शब्द किती सुंदर आहेत यापेक्षा साहित्य, प्रशिक्षण, परीक्षा आणि शिक्षकाचा अधिकार यांची तरतूद कोठे आहे, हे प्रत्येक राज्यात विचारले गेले पाहिजे. खेड्यातील मुलाच्या हातात भिंग पडते की केवळ भिंगाची व्याख्या, हे त्या उत्तरावर ठरेल.