पोचा पडतो तेव्हा



पडद्यावर गाडी भिंतीवर आदळते आणि काहीतरी खटकते. आवाज बरोबर असतो, धूळ बरोबर उडते, कॅमेराही हादरतो. तरी ती गाडी लोखंडाची वाटत नाही. रबराची वाटते. याचे उत्तर संगणकाच्या ताकदीत क्वचितच सापडते. संगणकावर गाडीचे मॉडेल चेपणाऱ्याने पत्रा कसा वागतो हे कधी नीट पाहिलेले नसते, म्हणून तसे होते. कलाकार, प्रोग्रामर आणि विद्यार्थ्यांच्या या संमेलनात आज एकच आग्रह मांडायचा आहे: नुकसान दाखवणाऱ्याने वस्तूच्या आत काय घडते ते आधी शिकावे.

साधे पोलाद थोडेसे ताणून सोडले की मूळ लांबीवर परत येते. ही मुभा फार तोकडी, लांबीच्या साधारण हजाराव्या भागाएवढी. त्यापुढे ताण गेला की धातू नवा आकार धरून बसतो, आणि पोचा म्हणजे हाच टिकून राहिलेला आकार. शिवाय जिथे पत्रा वळला तिथे तो आधीपेक्षा कडक होतो. त्यात पातळ पत्रा ताणला जाण्यापेक्षा वाकणे पसंत करतो. कागद चुरगळला की जशा टोकदार घड्या पडतात, तशाच बॉनेटवर पडतात. नवशिका कलाकार सॉफ्ट सिलेक्शन, म्हणजे निवडलेल्या बिंदूंसोबत आसपासचे बिंदूही कमी-कमी हलवणारी सोय, लावून मॉडेलच्या जाळीचे काही बिंदू आत ढकलतो, तेव्हा नेमका हाच नियम मोडतो. खळगा गुळगुळीत होतो, पत्र्याचे क्षेत्रफळ कारण नसताना वाढते आणि दरवाजाची कड जागची हलत नाही. खऱ्या दरवाजाला जोराचा मार बसला तर कड आत ओढली जाते, शेजारची फट रुंदावते आणि दरवाजा नीट लागेनासा होतो. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण त्याच्या डोळ्याला ते कळते.

संगणकावर वस्तूंचा आकार असा बदलण्याचा इतिहास चाळीसेक वर्षांचा आहे. 1984 मध्ये संशोधक अ‍ॅलन बार यांनी वस्तू पिळण्याची, वाकवण्याची, निमुळती करण्याची गणिते मांडली. 1986 मध्ये सेडरबर्ग आणि पॅरी यांनी वस्तूभोवती बिंदूंचा पिंजरा बसवला. पिंजरा ओढला की आतली वस्तू त्याच्याबरोबर बदलते. आजही जवळजवळ प्रत्येक त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, आणि ती उपयोगाची आहेच. मात्र आतली वस्तू पोलादाची आहे की मेणाची, हे त्या पिंजऱ्याला ठाऊक नसते. ती जाण आणली डेमेट्री टेर्झोपोलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. 1987 च्या त्यांच्या निबंधात लवचिकता होती. पुढच्याच वर्षी कायमचा बाक आणि तुटणेही आले.

त्याच सुमारास मोटारींचे अभियंते वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचत होते. 1986 मध्ये फोक्सवॅगन पोलोची ताशी 50 किलोमीटर वेगाने भिंतीशी होणाऱ्या टकरीचे गणित क्रे महासंगणकावर सोडवले गेले. गाडीचे काही हजार छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यावरचा ताण क्षणाक्षणाला मोजायचा, अशी ती रीत. ग्राफिक्सने ती उचलली. जेम्स ओब्रायन आणि जेसिका हॉजिन्स यांनी 1999 मध्ये ठिसूळ वस्तू कशा फुटतात ते दाखवले: तडा आधी आखून ठेवायचा नाही, आतला ताण जिथे असह्य होतो तिथे तो आपसूक उघडतो. या संशोधनाच्या पायावर उभ्या राहिलेल्या साधनांना 2015 मध्ये ऑस्कर अकादमीने तांत्रिक पुरस्कार दिला, आणि ओब्रायन यांचाही त्यात गौरव झाला.

व्हिडिओ खेळांना मात्र असे गणित सुटेपर्यंत रात्रभर थांबण्याची चैन नाही. शर्यतीचा खेळ ‘ग्रान टुरिस्मो’ 1997 मध्ये आला, पण त्यात गाड्या दिसण्याइतक्या चेपू लागल्या त्या 2010 च्या पाचव्या भागात. कित्येक खेळांत आधीच चेपून ठेवलेला बंपर वेळ आली की बदलला जातो. दोनदा धडकले की लबाडी उघडी पडते, कारण पोचा दोन्ही वेळा तोच. याउलट जर्मनीतल्या ब्रेमेनच्या ‘बीमएनजी’ कंपनीच्या खेळात गाडी म्हणजे वजनदार बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्यांचा सांगाडा असतो. त्याचे गणित सेकंदाला 2000 वेळा होते. दांडी मर्यादेपलीकडे दबली की तशीच राहते, आणखी दबली की तुटते. त्यामुळे चाक वाकडे झालेली गाडी खरोखर एका बाजूला ओढते. दिसणे आणि चालणे एकाच कारणातून येते, म्हणूनच ती खरी वाटते.

काचेकडे तर फारच दुर्लक्ष होते. गाडीच्या समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तिच्यावर तड्यांचे जाळे पडते, पण ती चौकटीत टिकून राहते. बाजूची काच बहुधा कडक केलेली असते, तिचा एकदम बारीक चुरा होतो. अ‍ॅनिमेशनमध्ये मात्र अनेकदा दोन्ही काचा सुऱ्यासारख्या लांब तुकड्यांत फुटताना दिसतात.

आणि पोचा दिसतो तो प्रकाशामुळे. जाळीचे बिंदू हलले पण प्रकाश कुठे वळेल हे ठरवणाऱ्या पृष्ठभागाच्या लंबदिशा (नॉर्मल) पुन्हा काढल्या नाहीत, तर चकचकीत रंगावरचे प्रतिबिंब सरळच राहते आणि सगळी मेहनत वाया जाते.

हे शिकायला महागडी साधने लागत नाहीत. ब्लेंडर हे त्रिमितीय सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याच्या ‘सॉफ्ट बॉडी’ या सोयीत कायमच्या बाकासाठी प्लॅस्टिसिटी नावाचा आकडा आहे. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचण्यांच्या संथगती चित्रफिती कोणालाही पाहता येतात: ताशी 64 किलोमीटरची टक्कर, सगळा खेळ सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्शाचा, पुढचा भाग घड्याघड्यांनी दुमडतो आणि प्रवाशांचा कप्पा शक्यतो शाबूत राहतो. पण याहून जवळची शाळा म्हणजे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज. ठोकून पत्रा सरळ करणारा कारागीर मार कुठून बसला, जोर कुठे विरला, हे पत्र्यावर हात फिरवून सांगतो.

म्हणून या संमेलनाने एक काम अंगावर घ्यावे. गावोगावच्या गॅरेजांत चेपलेले दरवाजे, मडगार्ड, बॉनेट चारी बाजूंनी छायाचित्रित करून त्यांची त्रिमितीय मॉडेल तयार करावीत आणि विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवावीत. नंबरप्लेट आणि मालकाची ओळख पुसलेली असावी. प्रत्येक मॉडेलसोबत पत्र्याची जाडी, मार लागल्याची दिशा आणि कारागिराने काय पाहिले त्याची नोंद असावी, त्याच्या संमतीने आणि त्याला मानधन देऊन. सुरुवातीला दहा दरवाजे झाले तरी पुढच्या वर्षीच्या कार्यशाळेत त्यांच्यावर काम सुरू करता येईल.